गाडी ऑइल गाळते? आधी उगम शोधा

जुनी गाडी दारात आली की चार दिवस कौतुकात जातात. पाचव्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर काळा, चिकट डाग दिसतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की अनेकदा एकच निदान ऐकू येते, ‘इंजिन खोलावं लागेल.’ या एका वाक्याने घरचा सारा हिशेब कोलमडतो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा इंजिन खोलायची गरजच नसते. थेंब जिथे पडतो तिथून गळती सुरू झालेली नसते, एवढे लक्षात ठेवले तरी मोठा खर्च वाचू शकतो.

जबलपूरची जोंगा

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना जबलपूर चांगलेच ठाऊक आहे. तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ पासून आहे. वाहन कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही सैन्याची वाहने याच शहरातली. ‘जोंगा’ हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन-कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. मूळ गाडी जपानच्या निस्सान कंपनीची पेट्रोल. तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन सुमारे ४ लिटरचे होते. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. सैन्याने काढून टाकलेल्या अनेक गाड्या लिलावातून नागरिकांकडे आल्या. काहींनी खर्च परवडेना म्हणून तिला डिझेल इंजिनही बसवले. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतली, तेव्हा हे नाव पुन्हा चर्चेत आले.

शहरातल्या अधारतालसारख्या वस्तीत अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिच्या इंजिनाने पन्नास उन्हाळे पाहिलेले असू शकतात. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. तापून निवण्याच्या या चक्रात बुचाची व कागदाची पॅकिंगे वाळून आकसतात आणि रबरी सील कडक होतात. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे सील तर अधिकच सुकते. जोंगा असो, ॲम्बॅसॅडर असो की मारुती ८००, गळतीची कारणे आणि ती शोधण्याची रीत जवळपास सारखीच.

डाग कशाचा आहे?

रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि त्यावर चाकांच्या जागा खुणावून घ्याव्यात. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा आहे ते पाहावे. काळपट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. दाट, उग्र गंधकी वासाचे असेल तर गिअर ऑइल. हिरवट किंवा रंगीत पाण्यासारखे असेल तर रेडिएटरचे कूलंट. चाकाजवळ पातळ, पिवळसर डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. मग मात्र गाडी चालवू नये, मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

ऑइल कमी होते पण खाली डाग नाही आणि धुराड्यातून निळसर धूर येतो, तर ऑइल आत जळते आहे. तो आजार निराळा.

आधी धुवा, मग शोधा

ऑइल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेले ऑइल खालच्या चेंबरवरून ठिबकते आणि दोष चेंबरच्या पॅकिंगवर येतो.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची तार काढावी. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर व हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने झाकावे. इंजिन धुण्याच्या द्रावणाने किंवा ब्रशला थोडे डिझेल लावून सारा थर काढावा. पट्ट्यावर व रबरी नळ्यांवर डिझेल पडू देऊ नये. जवळपास विडी-काडी नको. स्वच्छ पुसून, पूर्ण वाळल्यावर संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. प्लॅस्टिक काढून गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी आणि इंजिन निवल्यावर टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा, तोच उगम.

गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. ॲक्सलखाली भक्कम स्टँड आणि चाकांना उटी लावल्याशिवाय खाली शिरू नये.

स्वस्त कारणे आधी

तपासणी वरून खाली आणि स्वस्ताकडून महागाकडे करावी.

ऑइल भरायच्या झाकणाची रिंग आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग प्रथम पाहावे. कव्हरचे बोल्ट करकचून आवळण्याचा मोह टाळावा. त्याने बुचाचे पॅकिंग बाहेर फुगते, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. नवे पॅकिंग लावताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ हवेत. चिकट पेस्टचा हात हलका ठेवावा. जास्तीची पेस्ट आत तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकली, तर इंजिनच उपाशी राहते.

मग ऑइल प्रेशरचा स्विच, पेट्रोल पंपाचे पॅकिंग व ऑइल फिल्टर पाहावा. नवा डबा-फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, याची खात्री करावी. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल वेगाने बाहेर येते. ड्रेन बोल्टचा वॉशर तर अगदी किरकोळ किमतीचा, पण तो बदलायचा अनेकदा राहून जातो.

इंजिनाचा श्वास

सील बदलले, तरी महिन्याभरात पुन्हा गळती, असे झाले तर ब्रीदर तपासावा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरात उतरतच असतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. नळी काजळीने चोंदली की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. नळी व तिची जाळी स्वच्छ करायला फारसा खर्च येत नाही. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरले तरी फेस होऊन गळती होऊ शकते.

ब्रीदर स्वच्छ असूनही, इंजिन सुरू असताना झाकण सैल करताच धूर जोराने भकाभका येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मेकॅनिक यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. कॉम्प्रेशनचे माप घेऊन खात्री झाली, की मगच इंजिन खोलण्याचा विचार करावा.

इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर क्रँकचे मागचे सील संशयित ठरते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावी लागते. जुन्या बनावटीच्या अनेक इंजिनांत येथे दोरीसारखे सील असते. गिअरबॉक्स उतरलीच आहे, तर क्लच प्लेटही पाहून घ्यावी. मजुरी एकदाच पडते.

दुर्लक्ष महागात

क्वचित पडणारा थेंब धीर धरू शकतो. पण गरम सायलेन्सरच्या नळीवर ऑइल पडत असेल, तर आगीचा धोका आहे आणि दुरुस्ती ताबडतोब हवी. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. गळती थांबवण्याची बाटलीतली औषधे कडक सीलला तात्पुरते फुगवतात, फाटलेले पॅकिंग जोडत नाहीत.

जुनी गाडी घेताना इंजिन लखलखीत धुतलेले दिसले, तर भुलू नये. वीस किलोमीटर चालवून, अर्धा तास उभी करून मग खाली पाहावे.

आणि काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नये. अधारताल हे नाव ज्या तलावावरून पडले, तो राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखला जातो. कोणत्याही गावात गटारातले ऑइल शेवटी अशाच एखाद्या पाण्यात जाते. ते डब्यात भरून अधिकृत जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितले, तर त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘उगम कुठे आहे, दाखवाल का?’ चांगला मेकॅनिक टॉर्च घेऊन आनंदाने दाखवील.