छंदफंद : स्कोपच्या मागे कुठला कॅमेरा?

या सदराकडे येणारे प्रश्न एरवी ठरलेले असतात. कढीपत्त्याचं रोप न्यू जर्सीच्या थंडीत कसं जगवायचं, पेटीचा भाता इथे कोण दुरुस्त करतं, वगैरे. या खेपेला मात्र एका वाचक भगिनीचं जरा वेगळं पत्र आलं. तिचे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. निवृत्त शिक्षक, पक्ष्यांचा नाद जुना. जावयाने हौसेने घेतलेला ८० मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप घरात आहे. सकाळी आठला मुलगी-जावई कामावर, नातवंडं शाळेत. मग संध्याकाळी सहापर्यंत हे गृहस्थ, मागचं तळं आणि तो स्कोप. दिसेल त्या पक्ष्याचं वर्णन ते वहीत लिहून ठेवतात. पण संध्याकाळी ते ऐकायला कुणाला सवड नसते, आणि पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावं तर शंका उरतेच. "स्कोपला लावता येईल असा छोटा कॅमेरा सुचवा. बाबांचा हात थोडा थरथरतो, आणि फार महाग नको," असं ती लिहिते.

आई-वडील इकडे आले की त्यांच्या दिवसाचं करायचं काय, हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला प्रश्न. गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कुणी नाही. तेव्हा हे उत्तर जरा सविस्तर देतो.

स्कोपच्या आयपीसला, म्हणजे जिथे आपण डोळा लावतो तिथे, डोळ्याऐवजी कॅमेरा लावून फोटो काढणे याला डिजिस्कोपिंग म्हणतात. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी १९९९ साली निकॉनचा कूलपिक्स ९५० हा छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपला लावून पाहिला, आणि त्यांच्या फोटोंमुळे ही युक्ती जगभर पसरली. तो कॅमेरा होता अवघा दोन मेगापिक्सेलचा. पण त्याचं पुढचं भिंग लहान होतं आणि झूम करताना ते बाहेर न येता आतल्या आत सरकायचं. म्हणून तो आयपीसला चपखल बसला. महागड्या, मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यांना जे साधेना ते या चिमुकल्याने करून दाखवलं.

यातच निवडीचं सारं मर्म आहे. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत फार बारीक असतो. किती बारीक, ते मास्तरांना लगेच पटेल असं गणित आहे : पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटीवर ठेवला तर झोत ४ मिलिमीटरचा. तोच ६० पटीवर नेला तर जेमतेम १.३ मिलिमीटर. आता एवढ्याशा झोतापुढे बशीएवढं भिंग धरलं तर काय होणार? मध्ये उजेडाचा गोल आणि भोवती काळं कडं. म्हणून दुकानदार "तीसपट झूम आहे साहेब" म्हणाला तरी भुलू नका. लांब झूमच्या कॅमेऱ्याचं भिंग मोठं असतं आणि पुढे बरंच बाहेर येतं. स्कोपमागे ते अडचणीचंच. आपल्याला हवा तीन ते चार पट झूमचा, लहान भिंगाचा कॅमेरा. थोडं झूम केलं की काळं कडं चौकटीबाहेर जातं, तेवढ्यापुरतंच झूमचं काम. बाकीचा मोठेपणा स्कोप देतोच.

किती देतो? स्कोपची पट गुणिले कॅमेऱ्याची लांबी. स्कोप २० पटीवर आणि कॅमेरा १०० मिलिमीटरवर असेल तर २००० मिलिमीटरच्या लेन्सएवढं काम होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा डोळा मोजून घ्या! पण मोठेपणा वाढला की अंधारही वाढतो आणि थरथरही. म्हणून स्कोप शक्यतो सर्वांत कमी पटीवरच ठेवावा.

आता नावं. बऱ्याच कंपन्यांनी हे छोटे कॅमेरे काढणं थांबवलं किंवा कमी केलं आहे, तेव्हा वापरलेला घेणं उत्तम, आणि खिशालाही परवडतं. माझी पहिली पसंती सोनीच्या आरएक्स१०० या मालिकेतल्या जुन्या मॉडेलना. पहिलं मॉडेल २०१२ सालचं : एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, २८ ते १०० मिलिमीटरचा झूम, आणि वजन पाव किलोच्या आत. सेन्सर मोठा असल्यामुळे ढगाळ दिवशीही फोटो बरा येतो. २०१४ सालचं तिसरं मॉडेल २४ ते ७० मिलिमीटरचं, तेही चालेल, आणि त्याचा पडदा वर-खाली वळतो. सहाव्या मॉडेलचा झूम मात्र २०० मिलिमीटरपर्यंत वाढवलेला आहे. आपल्या कामाला जुनंच बरं. नवं ते चांगलं, हा इथला मंत्र इथे लागू नाही.

वापरलेला घेताना तीन गोष्टी पाहा. एक, भिंग न अडखळता आत-बाहेर होतं का. दोन, बॅटरी फुगलेली नाही ना, आणि तशी नवी मिळते का. तीन, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात डाग दिसत नाहीत ना. आणि खरेदीला जाताना जमलं तर स्कोपच घेऊन जा. लग्नाआधी पत्रिका जुळवतो तसं हे दोघांचं जुळतं की नाही ते समोरासमोर पाहिलेलं बरं.

"अहो, पण फोन आहे ना?" असं कुणी विचारेलच. प्रश्न रास्त आहे. फोनचं भिंग इवलंसं, त्यामुळे स्कोपशी त्याचं छान जमतं. नवा फोन घरात असेल तर एक अडॅप्टर घेऊन आधी तेच करून पाहा, पैसे वाचतील. पण दोन अडचणी येतात. हल्लीच्या फोनला तीन-तीन भिंगं, आणि फोन आपल्या मर्जीने एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो की पडदा काळा. शिवाय आजोबांचा फोन म्हणजे त्यांचं तिकडच्या गोतावळ्याशी जोडलेलं नातं. तो दिवसभर स्कोपला अडकवून ठेवायचा, आणि नेमका पक्षी बसला की साताऱ्याहून व्हिडिओ कॉल! त्यांच्यासाठी खरी बटणं असलेला, फक्त फोटोच काढणारा डबा मला जास्त सोयीचा वाटतो.

आणि ज्यांच्याकडे स्कोपच नाही त्यांनी दोन वस्तू घेऊ नयेत. निकॉनचा पी९००, २०१५ सालचा, एकटाच २००० मिलिमीटरपर्यंत जातो. २०१८ सालचा पी१००० तर ३००० पर्यंत, पण त्याचं वजन जवळजवळ दीड किलो.

आता थरथरत्या हाताचं. २००० मिलिमीटरला तरुण हातसुद्धा थरथरताच समजा. म्हणून कॅमेरा हातात धरायचाच नाही. आयपीसवर घट्ट बसणारा अडॅप्टर घ्या, आणि वाचवलेले पैसे भक्कम ट्रायपॉडवर घाला. फोटोसाठी दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावायचा : बटण दाबा, हात मागे घ्या, स्कोप स्थिर होऊ द्या, मग कॅमेरा आपोआप टिपतो. फ्लॅश कायमचा बंद. आधी स्कोपचं चाक फिरवून पक्ष्याचा डोळा स्पष्ट करायचा, मग कॅमेऱ्याला त्याचं काम करू द्यायचं. बगळा, हंस असा पांढरा पक्षी असेल तर उजेड थोडा उणे करायचा, नाहीतर पिसं धुतल्या धोतरासारखी नुसती पांढरी येतात. पडद्यावर ऊन येत असेल तर डोक्यावरून काळं कापड घ्या. आणि ऊन तापल्यावर जमिनीवरून, पाण्यावरून हवा लहरायला लागली की कुठलाही कॅमेरा हात टेकतो. सकाळची वेळच खरी.

एवढ्या खटपटीचा उपयोग काय, असं वाटत असेल तर मे महिन्यात बाबांना डेलावेअर बेच्या किनाऱ्यावर, रीड्स बीचला घेऊन जा. रेड नॉट नावाचे मूठभर आकाराचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून उत्तर ध्रुवाकडे जाताना इथे उतरतात. हॉर्सशू क्रॅबची अंडी खाऊन दोनेक आठवड्यांत जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात आणि पुढे जातात. ही अंडी कमी झाली तसे पक्षीही रोडावले. न्यू जर्सीने २००८ साली हे खेकडे पकडायला बंदी केली, आणि २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने हा पक्षी धोक्यात असल्याचं जाहीर केलं. त्यांना खाताना उठवलं तर त्यांचं पुढचं उड्डाण धोक्यात येतं, म्हणून त्या दिवसांत किनाऱ्याचे भाग बंद असतात आणि लांबूनच पाहायचं असतं. स्कोपचा जन्म त्यासाठीच!

यातल्या काहींच्या पायात बारीक रंगीत पताका असतात. अमेरिकेत लावलेली हिरवी, अर्जेंटिनाची नारिंगी, ब्राझीलची निळी. तिच्यावरची अक्षरं वाचून कळवली की तो पक्षी कुठून आला, किती वर्षं जगला, ते समजतं. 'बी ९५' या खुणेच्या अशाच एका पक्ष्याला १९९५ साली अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला प्रथम कडं घातलं होतं, आणि २०१४ च्या मे महिन्यात तो इथे डेलावेअर बेवर दिसला होता. दरवर्षी जग पालथं घालणारा एवढासा जीव! धावत्या पक्ष्याच्या पायावरची तीन अक्षरं डोळ्याने वाचताना चुकतात. फोटोत ती सावकाश, पुन्हा पुन्हा वाचता येतात. मग ती मेरीलँडमधल्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीला कळवायची.

तेव्हा ताई, कॅमेरा जरूर घ्या. बाबांना पहिले दोन रविवार जवळ बसून शिकवा, बटणांची नावं मराठीत कागदावर लिहून द्या. पण वही बंद करू देऊ नका. कॅमेऱ्याला पक्षी कसा दिसतो ते कळतं. तो कधी आला, काय खात होता, कुणाशी भांडला, हे वहीतच राहतं. आणि रोज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं टीव्ही बंद करून त्या दिवसाचे फोटो मोठ्या पडद्यावर लावा, नातवंडांना शेजारी बसवा आणि वही आजोबांना वाचू द्या. कॅमेरा कोणता का असेना, दाखवायला कुणी असलं तर तो रोज बाहेर निघेल. नाहीतर महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाईल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न येऊ द्यात. कढीपत्त्याचे चालतील!