दोन औषधांनंतरचा प्रश्न

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात मूर्ती रंगवीत बसलेल्या तरुणाची नजर एकाएकी स्थिर होते. ओठ चाटल्यासारखे हलू लागतात, हात सदऱ्याशी चाळा करतो, हाकेला उत्तर येत नाही. मिनिटभराने तो भानावर येतो, तेव्हा मधल्या काळातले त्याला काहीच आठवत नसते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, एखाद्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला असे झाले तर तेच मिनिट जिवावर बेतू शकते. दोघेही वर्षानुवर्षे गोळ्या घेत असतील आणि तरीही झटके येतच असतील, तर त्यांना एक प्रश्न विचारला जायला हवा. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार झाला आहे काय? बहुतेकांच्या बाबतीत तो विचारलाच जात नाही.

फेफरे, आकडी, फीट अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा दुर्मीळ आजार नव्हे. हजार लोकांमागे साधारण पाच रुग्ण हे प्रमाण भारतात सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात सुमारे १३ हजार रुग्ण असावेत. यांपैकी दोन-तृतीयांश रुग्णांचे झटके योग्य औषधांनी थांबू शकतात. खरा पेच आहे तो उरलेल्या एक-तृतीयांशांचा.

या गटाबद्दलचे वैद्यकशास्त्राचे आकलन गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ स्पष्ट झाले आहे. ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी कोणतेही उपचार न झालेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने झटकेमुक्त झाले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने त्यांत केवळ १४ टक्क्यांची भर पडली. त्यानंतर औषधे बदलत राहून हाती फारसे लागत नाही, असे दिसून आले. म्हणूनच अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या निश्चित केली. योग्य निवडलेली, रुग्णाला सोसणारी दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजावा.

या व्याख्येतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. गोळ्या मध्येच बंद केल्या, मात्रा अपुरी राहिली, जागरण किंवा मद्यपान सुरूच राहिले, तर दोष औषधाचा नसतो. कधीकधी निदानच चुकलेले असते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे येणारी भोवळ किंवा मानसिक ताणातून येणारे झटके अपस्मार म्हणून वर्षानुवर्षे औषधांखाली राहतात. म्हणून दोन औषधे निष्फळ ठरल्यावरचे पुढचे पाऊल थेट शस्त्रक्रियेचे नसते. ते असते अपस्माराच्या विशेष केंद्रात सखोल तपासणीचे. नेमका हाच फरक लक्षात न आल्याने अनेक कुटुंबे ‘डोके उघडायचे नाही’ असे म्हणून तपासणीलाही नकार देतात.

तपासणीत रुग्णाला काही दिवस दाखल करून, कॅमेऱ्याच्या नजरेखाली मेंदूच्या विद्युत्लहरींचा आलेख सतत घेतला जातो. प्रत्यक्ष झटका टिपला, की तो मेंदूच्या कोणत्या भागातून उठतो ते कळते. एमआरआयमध्ये त्याच जागी व्रण, गाठ किंवा जन्मजात दोष दिसला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. स्मृती आणि भाषा यांच्याही चाचण्या होतात. झटक्यांचे उगमस्थान एकच असेल आणि ते काढल्याने बोलणे, हालचाल वा स्मृती यांची मोठी हानी होणार नसेल, तरच शस्त्रक्रिया सुचवली जाते. सर्वांनाच ती लागू पडत नाही. पेणच्या त्या तरुणासारखी लक्षणे बहुधा कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या टेम्पोरल भागातून उठणाऱ्या झटक्यांत दिसतात आणि शस्त्रक्रियेचे सर्वांत चांगले निष्कर्षही याच प्रकारात मिळाले आहेत.

कॅनडात अशा ८० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे ७७ टक्के आणि ७ टक्के असे आले. मात्र त्याच चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी एक-तृतीयांश मुलांमध्ये गंभीर दुष्परिणामही नोंदले गेले. त्यात शरीराच्या एका बाजूची दुर्बलता प्रामुख्याने होती. मेंदूचा मोठा भाग वेगळा करावा लागतो, तेव्हा ही किंमत अनेकदा आधीच ठाऊक असते. टेम्पोरल शस्त्रक्रियेत शब्दांची स्मृती कमी होणे, दृष्टिक्षेत्राचा वरचा कोपरा गमावणे हे धोके असतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही काही काळ, बहुधा वर्षे, औषधे घ्यावीच लागतात.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. काहीच न करणे हा सुरक्षित पर्याय आहे, हा समज चुकीचा आहे. चुलीजवळ, विहिरीच्या काठावर, दुचाकीवर आलेला झटका जीव घेऊ शकतो. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला सुमारे एकाचा मृत्यू अन्य कोणतेही कारण न सापडता अकस्मात होतो. अनियंत्रित झटके हा त्यातील सर्वांत मोठा धोका होय. कॅनडातील त्या चाचणीतही एक मृत्यू झाला, तो औषधांच्या गटात.

तरीही शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यास प्रगत देशांतही सरासरी वीस वर्षांच्या आसपास काळ जातो. या काळात शिक्षण सुटते, नोकरी जाते, लग्न अडते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचा उल्लेख विवाहातील अडथळा म्हणून आला होता. तो १९९९ मध्ये वगळण्यात आला. कायदा बदलला, पण लपवाछपवी संपली नाही. मुलीची ‘फीट’ गावात कळू नये म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते आणि झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा अघोरी उपाय अजूनही केला जातो. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने रुग्णालयात न्यावे, एवढेच खरे प्रथमोपचार.

पेण-रोह्यापुरते पाहता अंतर हा दुर्लंघ्य अडसर नाही. मुंबई महापालिकेच्या परळ येथील केईएम रुग्णालयात अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. पेणहून मुंबई सुमारे ८० किलोमीटरवर आहे, रोह्याहून रेल्वेही आहे. तरीही हातावर पोट असलेल्या कुटुंबासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. खर्चाचा प्रश्नही आहेच. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालणारी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. कोणती तपासणी व कोणती शस्त्रक्रिया तिच्यात बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घेणे शहाणपणाचे.

जाताना नेण्यासारखी शिदोरीही साधीच आहे. झटक्यांच्या तारखांची वही, सर्व जुन्या चिठ्ठ्या, एमआरआयच्या फिल्म आणि मोबाइलवर टिपलेले झटक्याचे चित्रण. हे चित्रण अनेकदा तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

व्यवस्थेकडून अपेक्षाही अवाजवी नाहीत. तालुक्याच्या पातळीवर अपस्माराची मूलभूत औषधे खंड न पडता मिळावीत आणि दोन औषधे निष्फळ ठरलेल्या प्रत्येक रुग्णाला विशेष केंद्राकडे पाठवण्याचा स्पष्ट नियम असावा. शस्त्रक्रिया करायची की नाही, याचा निर्णय शेवटी रुग्ण आणि त्याचे कुटुंबच घेईल. नकार देण्याचा हक्कही त्यांचाच आहे. परंतु तो नकार माहितीवर आधारलेला असावा. आज अनेकांच्या बाबतीत पर्याय नाकारला जात नाही, तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.