बालकेंद्राचा आराखडा : मागून घ्यावा, वाचावा



ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील पुष्कळशी मुले दीड-दोन वर्षांची होताच बालसंगोपन केंद्रात जाऊ लागतात. आईवडील दोघेही नोकरीला आणि आजीआजोबा नागपूर-अकोल्याकडे, त्यामुळे दुसरा मार्गही नसतो. केंद्र निवडताना आपण शुल्क, अंतर आणि जागा शिल्लक आहे की नाही, एवढेच पाहतो. दाराशी लावलेल्या मानांकनाकडे लक्ष गेलेच, तर ते शालान्त परीक्षेच्या निकालासारखे वाचतो. 'मानकाच्या दिशेने वाटचाल' असा शेरा दिसला की केंद्र नापास! दुसरीकडे, आपल्या ज्या भगिनी अशा केंद्रांतून शिक्षिकेचे काम करतात, त्यांच्या घरी मूल्यमापक अधिकारी येण्याच्या आठवड्यात चूलसुद्धा धास्तीने पेटते. या दोन्ही भीतींविषयी यंदा चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

या देशात १ जानेवारी २०१२ पासून बालशिक्षणासाठी राष्ट्रीय गुणवत्ता चौकट लागू आहे. शैक्षणिक कार्यक्रम, आरोग्य व सुरक्षितता, परिसर, कर्मचारी, मुलांशी नाते, कुटुंबांशी सहकार्य आणि व्यवस्थापन अशी तिची सात क्षेत्रे असून, २०१८ च्या फेररचनेनंतर त्यांत १५ मानके व ४० घटक आहेत. या चाळिसांपैकी एकच घटक अपुरा ठरला, तरी संपूर्ण केंद्राला वर सांगितलेला शेरा मिळू शकतो. म्हणून शेरा पाहून पाठ फिरवण्यापेक्षा कोणता घटक अपुरा ठरला, हे विचारणे शहाणपणाचे. त्यासाठीच गुणवत्ता सुधार आराखडा असतो. साधारणतः मान्यता मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो तयार करावा लागतो, वर्षातून किमान एकदा त्याची फेरतपासणी करावी लागते, आणि पालकाने मागितल्यास तो दाखवावा लागतो. आपल्यापैकी किती जणांनी तो मागितला आहे?

आमचा व्यवसाय वैद्यकाचा. रुग्णालयातील तपासण्या आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. तपासणी म्हणजे गुन्हेगाराचा शोध, असे कर्मचाऱ्यांना वाटू लागले की नोंदी सुबक होतात आणि रोग्याचे हाल तसेच राहतात. बालकेंद्राचेही तेच आहे. 'हात धुण्याची शिस्त वाढवावी' हे आराखड्यातील वाक्य निरुपयोगी आहे. लंगोट बदलण्याच्या ओट्यापासून हात धुण्याची जागा लांब असेल आणि कडेवर रडणारे मूल असेल, तर भिंतीवर दहा सूचना लावूनही हात धुतले जाणार नाहीत. सोय कुठे हवी, ती कोण करणार, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि फरक पडला हे कशावरून ओळखणार, एवढे लिहिले की तो आराखडा झाला. त्यात जे उत्तम चालले आहे तेही लिहावे. जेवणाच्या वेळी शिक्षिका मुलांसोबत बसून गप्पा मारीत असतील आणि ती वेळ शांत जात असेल, तर मुले झोपवण्याच्या वेळेचा गोंधळ सोडवण्याचा धागा तिथेच सापडतो.

ही दृष्टी आपणा मराठी माणसांना परकी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते आठवावे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी दोष मुलांच्या माथी मारला नाही. अंगणवाडी पाड्यावर नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणावर नेली. सुधारणा व्यवस्थेत करायची, मुलात नव्हे.

आता थोडे आपल्याविषयी. कुटुंबांशी सहकार्य हे क्षेत्र आपल्यावाचून पुरे होत नाही, आणि आपण तर संध्याकाळी दारातच मान डोलावून 'सर्व ठीक' म्हणतो. मुलाचे नाव चुकीचे उच्चारले जाते, तरी बोलत नाही. पाणी, शी, झोप, दुखतंय असे दहा मराठी शब्द कागदावर लिहून शिक्षिकेला दिले, तर मुलाला पहिला आठवडा सोपा जाऊ शकेल. पोर मागे पडेल या धास्तीने काही घरांत मराठी बोलणेच बंद झाले आहे. वैद्य म्हणून निक्षून सांगतो, दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे खुंटत नाही.

मात्र सकारात्मकता म्हणजे झाकपाक नव्हे. २०२५ च्या जुलैमध्ये व्हिक्टोरियातील एका केंद्रसेवकावर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप उघड झाले, तेव्हा साऱ्या देशातील पालक हादरले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अशा तक्रारी २४ तासांत कळवण्याचे बंधन आले. पूर्वी सात दिवसांची मुभा होती. आम्हांस वाटते, जिथे शिक्षिका स्वतःची उणीव निर्भयपणे लिहू शकते, तिथेच ती सहकाऱ्याच्या वर्तनाविषयीची शंकाही वेळेवर बोलून दाखवील. धाकाखालच्या केंद्रात दोन्ही गोष्टी दडपल्या जातात.

आमची विनंती लहानशी आहे. प्रत्येक पालकाने या वर्षी आपल्या केंद्राचा आराखडा मागून घ्यावा आणि इंग्रजीची अडचण वाटल्यास मंडळातील कोणाही भगिनीस सोबत बसवून वाचावा. आपल्या रविवारच्या बालवर्गाचाही असा एक पानाचा आराखडा व्हावा. त्याचा पहिला खर्डा बालवर्गाच्या शिक्षिकांनी आणि पालकांनी मिळून लिहावा, कार्यकारिणीने नव्हे.