जुनी फटफटी घ्यावी काय ?

शाळेच्या वार्षिकांत फटफटीचें काय काम, असें पुष्कळ पालकांस वाटेल. परंतु मधल्या सुटींत वरच्या वर्गांतील मुलांच्या घोळक्याजवळून एकदां जाऊन पाहावें. क्रिकेटच्या खालोखाल तेथें चर्चा चालते ती यंत्रवाहनांचीच. आणि त्यांतही रस्ता सोडून माळावर, ओढ्यांतून व चिखलांतून उड्या मारीत जाणाऱ्या हलक्या गाडीचें मुलांना मोठें वेड. पुणें, नाशिक, कोल्हापूर येथें मातीच्या मार्गावरील शर्यती होतात. त्या पाहून आलेला मुलगा पुढें आठ दिवस पायथागोरसाला मनांत थारा देत नाहीं, हा माझा नेहमींचा अनुभव आहे. ज्या प्रश्नाचा विचार मुलें आम्हांस न विचारतां करीतच आहेत, त्याचा विचार आम्हीं त्यांच्यासमवेत केलेला बरा, एवढ्यासाठीं हा लेख.

निमित्त असें घडलें. आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी मार्च महिन्यांत एके सायंकाळीं माझ्या घरीं आला. शाळा सोडल्यावर त्यानें आय. टी. आय. मध्यें टर्नरचें शिक्षण घेतलें व हल्लीं तो औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत लेथवर काम करतो. वय बावीस. वडील नाहींत, घरीं आई व धाकटी बहीण. तीन वर्षांत त्यानें साठ हजार रुपये शिल्लक टाकले होते. "सर, एक टू-स्ट्रोक गाडी पाहिली आहे. मालक सत्तर म्हणतो, साठांत देईल. तुम्ही पाहायला याल का?" असें त्यानें विचारिलें. दुसऱ्या दिवशीं, तो कामावर गेल्यावर, त्याची आई आली. पावसाळ्यापूर्वीं घरावरचे पत्रे बदलावयाचे होते, व त्याच पैशांवर तिची भिस्त होती. "सर, तो तुमचं ऐकतो. तेवढं नको म्हणून सांगा," एवढेंच ती बोलली आणि चहा न घेतां गेली.

नको म्हणणें मला सोपें होतें. कदाचित् इतर कोणाहूनही सोपें. २००३ सालीं बी. एड्. ची परीक्षा दिल्यावर मीं अशीच एक जुनी टू-स्ट्रोक फटफटी घेतली होती. तपासली मुळींच नाहीं. तिचा आवाज आवडला, हेंच तिचें प्रमाणपत्र. खर्च वांचविण्यासाठीं पेट्रोलांत ऑइल मी हात आंखडून घालीत असें. मे महिन्यांत एका मित्राला मागें बसवून मी नाशिकहून मुंबईकडे निघालों. कसारा घाटाच्या उतारावर, तेंही पेट्रोल वांचावें म्हणून, ॲक्सिलरेटर मिटून व गाडी गिअरमध्यें ठेवून बराच वेळ उतरत राहिलों. मध्येंच मागचें चाक एकाएकीं जखडलें. क्लच दाबावा हें सुचेपर्यंत आम्ही दोघे रस्त्यावर होतों. मला खरचटलें, मित्राची मांडी मोडली. पोलीस भरतीसाठीं तो वर्षभर रोज पहांटे धांवत होता. ती भरती तेथेंच संपली. आज त्याचें किराण्याचें दुकान आहे, आमचें जाणेंयेणें आहे, आणि त्यानें एका शब्दानेंही मला कधीं दोष दिलेला नाहीं. पण दुकानाची पायरी चढतांना तो डावा पाय जपून टाकतो, तेव्हां मी दुसरीकडे पाहतों.

असें कां झालें हें त्या वेळीं मला ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर झालेंही नसतें, कारण तें यंत्राच्या रचनेंतच आहे. आपल्या नित्याच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन, म्हणजे दट्ट्या, दोनदां वर व दोनदां खालीं गेल्यावर एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें तो एकदां वर व एकदां खालीं गेला कीं स्फोट. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक वेढ्याला एक. येथें व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतींतील द्वारें पिस्टन स्वतःच उघडतो व झांकतो, आणि खालची क्रँकपेटी ताजें मिश्रण वर ढकलणाऱ्या पंपाचें काम करते. त्यामुळें त्या पेटींत तेलाचा सांठा ठेवतां येत नाहीं. तेलाला पेट्रोलाबरोबर आंत जावें लागतें व त्याच्याबरोबरच जळावें लागतें. आतां घाटाचा उतार मनांत आणा. ॲक्सिलरेटर मिटला कीं पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी कीं तेलही कमी. इंजिन मात्र चाकाच्या ओढीनें वेगानें फिरतच असतें. कोरडा पिस्टन तापतो, फुगतो, आणि सिलिंडरला धरून बसतो. ज्या दोन काटकसरींचा मला अभिमान होता, त्या दोन्हींनीं मिळून माझ्या मित्राचा पाय मोडला.

असें असूनही या यंत्राची निंदा करावयास मी तयार नाहीं. क्रँकपेटीचा पंप करण्याची ही युक्ति १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत इंग्लंडांतील बाथ येथें जोसेफ डे याच्या कारखान्यांत निघाली, आणि तींतील एक व्हॉल्व्ह काढून टाकून पिस्टनकडूनच तें काम करवून घेण्याची सुधारणा फ्रेडरिक कॉक या त्याच्याच कारखान्यांतील माणसानें केली. (ही गोष्ट मी त्या टर्नर मुलास मुद्दाम सांगितली.) भाग थोडे, म्हणून वजन थोडें, प्रत्येक वेढ्याला स्फोट, म्हणून आकाराच्या मानानें जोर मोठा. माळरानावर मनुष्य घसरतो, पडतो, गाडी स्वतःच उचलतो. तेथें हलकेपणासारखा दुसरा गुण नाहीं. यामाहा कंपनीची १९६८ ची २५० सीसीची डी. टी. १ ही गाडी याच गुणामुळें जगभर गाजली, व पुढें सुमारें तीस वर्षें मातीच्या शर्यतींत टू-स्ट्रोकचेंच राज्य होतें. १९९८ सालीं त्याच कंपनीनें वाय. झेड. ४०० एफ ही फोर-स्ट्रोक गाडी आणली आणि तेथून वारें फिरलें. तरीही तें यंत्र मेलें नाहीं. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीनें २०१७ सालीं इंधन फवाऱ्यानें देणाऱ्या टू-स्ट्रोक माळगाड्या जाहीर केल्या.

आपल्या देशांत राजदूत, येझदी, आणि १९८५ ते १९९६ पर्यंत निघालेली यामाहा आर. एक्स. १०० या टू-स्ट्रोक गाड्या घरोघर माहीत होत्या. दुधाच्या किटल्या लटकविलेली राजदूत ज्यानें पाहिली नाहीं असा माझ्या वयाचा खेडेगांवचा मनुष्य सांपडणें कठीण. पण या इंजिनांत जळलेला धूर बाहेर जात असतां कांहीं ताजें मिश्रणही न जळतांच त्याच्याबरोबर निसटतें. धुराचे नियम कडक होत गेले तसतसें तें चालण्यासारखें राहिलें नाहीं, व त्या गाड्यांचें उत्पादन बंद पडलें. याचा परिणाम चमत्कारिक झाला. वस्तु दुर्मिळ झाली व किंमत चढली. तीस वर्षांची फटफटी आज नव्या वेळच्या किमतीच्या कितीतरी पटीनें मागतात, आणि ती किंमत लोखंडाची नसून आठवणींची असते. तरुण मुलानें दुसऱ्याच्या आठवणींसाठीं आपली तीन वर्षांची शिल्लक द्यावी काय, हा खरा प्रश्न आहे.

मीं त्याला हो म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं. "आधीं पाहूं," म्हटलें, व रविवारीं दुपारीं आम्ही गेलों.

गाडी दिसावयास मोठी देखणी. मूळची रस्त्यावरची, तिला वर उचललेले मडगार्ड, खडबडीत टायर व कापलेला सायलेन्सर लावून माळावरची केलेली. सायलेन्सर कापला कीं ताकद वाढते अशी मुलांची समजूत असते. टू-स्ट्रोकच्या बाबतींत ती बहुधा उलटी आहे. तेथें सायलेन्सरचा फुगवटा व निमुळतेपणा हिशेबानें केलेला असतो. त्यांतून परत फिरणारी दाबाची लाट निसटूं पाहणारें मिश्रण पुन्हा सिलिंडरांत ढकलते. तो कापणें म्हणजे सनईचें तोंड मोडून तिचा सूर वाढवूं पाहणें.

आम्ही वेळ कळवून गेलों, ही चूक झाली. सिलिंडरवर हात ठेवला तों तो गरम. "मास्तर, आत्ताच जरा चक्कर मारून आलो," मालक म्हणाला. झिजलेलें इंजिन थंडींत कुरकुरतें. गरम केल्यावर एका किकेंत सुरू होतें. म्हणून मीं तासभर थांबावयाचें ठरविलें, व मालकाच्या वडिलांशीं कांद्याच्या भावावर बोलत बसलों. निवलेली गाडी सातव्या किकेला लागली. ॲक्सिलरेटर सोडला तरी तिचा वेग चटकन खालीं येईना. तो अधांतरीं टांगून राही. मॅग्नेटोकडील ऑइल सील झिजलें कीं क्रँकपेटींत बाहेरची हवा शिरते, मिश्रण विरळ होतें व असें घडतें. विरळ मिश्रण म्हणजे कमी तेल, आणि कमी तेल म्हणजे काय तें मला सांगावयास नको होतें. प्लग काढला. तो तपकिरी असावयाचा, तर खडूसारखा पांढरा निघाला. (क्लचकडील सील गेलें असतें तर गिअरचें तेल जळून पांढरा धूर व करपट वास आला असता.) मागचें चाक उचलून आडवें हलविलें, तर तें दोन बोटें हललें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला दिसली नाहीं. त्या मुलाला दिसली. इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या पुस्तकांतील क्रमांकाशीं अक्षरशः जुळत होता. मुलगा खालीं बसून त्यावर अंगठा फिरवीत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, हा पांच बाकीच्या आंकड्यांपेक्षां खोल ठोकला आहे. आणि इथली धातू कानशीनं घासलेली आहे." धातूशीं रोज आठ तास राहणारा हात फसत नाहीं. मालकाला आम्हीं सिलिंडर उघडून दाखवावयास सांगितलें. तो रागावला व घरांत गेला. वाटेनें मुलगा माझ्याशीं एक शब्द बोलला नाहीं. त्याचा राग माझ्यावर होता कीं त्या पांचावर, हें मला कळलें नाहीं.

या अनुभवावरून माझें मत बनलें तें असें. रोजच्या जाण्यायेण्यासाठीं जुनी टू-स्ट्रोक घेणें सर्वथा अविचाराचें आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून ती नवी करून घ्यावी लागते, व नोंदणीच्या वेळचें रूप मनास येईल तसें पालटण्यास कायद्याची मनाई आहे. शर्यतीसाठींच बनलेली व मुळींच न नोंदलेली गाडी तर सार्वजनिक रस्त्यावर आणतांच येत नाहीं. ती टेम्पोंत घालून मैदानापर्यंत न्यावी. हीरो एक्सपल्स ही २०१९ सालीं निघालेली फोर-स्ट्रोक गाडी माळावर व रस्त्यावर दोन्हीकडे चालते. पण तिची किंमत आमच्या टर्नराच्या आटोक्याबाहेरची. मात्र जो कमावता आहे, ज्याला यंत्र उघडावयाची हौस व अक्कल आहे, आणि जो ती मातीवरच चालवील, त्यानें कागद स्वच्छ असलेली जुनी गाडी अवश्य घ्यावी. अट एकच: जेवढ्यास गाडी घ्यावयाची त्याच्या निम्मी रक्कम आधींच बाजूला ठेवावी. सिलिंडरचें बोअरिंग, नवा पिस्टन व रिंगा, क्रँकचीं बेअरिंगें, दोन्हीं ऑइल सीलें, इतकें काम निघणारच असें धरून चालावें. शिल्लक संपवून घेतलेली जुनी गाडी ही धन्याच्या दारांतील सावकार होय.

शाळेंतील मुलांना मात्र मुळींच नाहीं, आणि येथें मला पालकांशीं स्पष्ट बोललें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास अशी गाडी रस्त्यावर चालवितां येत नाहीं. सोळाव्या वर्षीं परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीची. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड ठेविला आहे; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. हें ठाऊक असूनही दहावींत चांगले गुण मिळविल्याबद्दल गाडी देणारे वडील मला दरवर्षीं भेटतात. दुसऱ्या प्रकारचे वडील गाडीचें नांवही घरांत काढूं देत नाहींत. त्यांचा मुलगा तिघा मित्रांसह वर्गणी काढून एक भंगार फटफटी घेतो व कोणाच्या तरी गोठ्यांत लपवितो. तिला ब्रेक आहेत कीं नाहींत हें पाहणारा मोठा मनुष्य कोणीच नसतो. मला या दुसऱ्या वडिलांची अधिक काळजी वाटते.

आमच्या टर्नराच्या घरचे पत्रे मे महिन्यांत बदलले. राहिलेल्या पैशांत व पुढच्या पगारांतून त्यानें दिवाळीनंतर एक गाडी घेतली. चालत नव्हती, म्हणून स्वस्त मिळाली. पुस्तक मूळ मालकाच्या नांवावरचें, आंकडे सारे सारख्या खोलीचे. घेण्यापूर्वीं त्यानें मला बोलाविलें नाहीं, घेतल्यावर बोलाविलें. सध्यां ती त्यांच्या पडवींत गोणपाटावर सुटी पडलेली आहे. सिलिंडर बोअरिंगला गेला आहे, आणि नवीं सीलें आईच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत आहेत. किराणा दुकानदार मित्राला मीं हें सर्व सांगितलें. तो म्हणाला, "जोडून झाली कीं मला दाखव. आणि ऑइल किती घालायचं तें त्याला तूं सांगूं नकोस, मी सांगतों." येत्या शनिवारीं आम्ही दोघे जाणार आहों.