प्रकाशाने हवा शुद्ध होते का?



घराला नवा रंग दिला, प्लायवूडची कपाटे करून घेतली, की काही दिवस डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. घरात दमेकरी मूल असेल, तर त्याचा खोकलाही बळावतो. अशा वेळी ‘प्रकाश-उत्प्रेरक’ पद्धतीचे हवाशुद्धीकरण यंत्र घ्यावे का, असे पालक विचारतात.

या पद्धतीमागील विज्ञान खरे आहे. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीवर अतिनील किरण पडले, की हवेतील बाष्प व प्राणवायू यांपासून तिच्या पृष्ठभागावर अत्यंत क्रियाशील मूलके निर्माण होतात. ती सेंद्रिय प्रदूषकांचे रेणू तोडत जातात आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. भुकटी स्वतः खर्च होत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. जपानचे अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडवल्याचे प्रसिद्ध केले. तेथून या संशोधनाला वेग आला.

मात्र ‘अखेरीस’ या शब्दातच खरी मेख आहे. हे विघटन टप्प्याटप्प्याने होते. सांडपाणी टाकीत तासन्‌तास प्रकाशाखाली ठेवून, तपासून मगच सोडता येते. यंत्रातून क्षणार्धात निघून जाणाऱ्या हवेला तेवढी उसंत नसते. मग अर्धवट तुटलेले रेणू खोलीत परततात. अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड, त्यापासून फॉर्माल्डिहाइड बनू शकते. प्लायवूडच्या डिंकातून निघून डोळे चुरचुरवणारा वायू हाच! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत केली. शिवाय काही अतिनील दिव्यांतून ओझोन निर्माण होतो आणि तो दमा चाळवतो. धूळ व धुराचे कण तर या पद्धतीने अडतच नाहीत.

म्हणून आधी प्रदूषणाचे मूळ दूर करावे. रंगकाम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात व मुलाला त्या खोलीत झोपवू नये. बंद खोलीत उदबत्ती वा डासांची कॉइल जाळू नये. यंत्र घ्यायचेच असेल, तर कणांसाठी हेपा गाळणी आणि वायूंसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर असलेले घ्यावे व दोन्ही वेळेवर बदलावेत. विक्रेत्याने प्रकाश-उत्प्रेरकाचा आग्रह धरला, तर बाहेर पडणाऱ्या हवेतील फॉर्माल्डिहाइड व ओझोन यांचा चाचणी अहवाल मागावा.

आणि एक विनंती. यंत्र कोणतेही असो, ते आणले म्हणून मुलाचा इनहेलर बंद करू नका.