अम्मीची पाळी जाते तेव्हा

उर्दूत रजोनिवृत्तीच्या वयाला 'सिन्ने-यास' म्हणतात. शब्द अरबीतून आला आहे. यास म्हणजे आशा संपणे, निराशा. कुरआनच्या सूरह तलाकमध्ये, ज्यांना पाळी येण्याची आशा उरलेली नाही अशा स्त्रियांच्या इद्दतीचा नियम सांगताना याच धातूपासून बनलेले क्रियापद येते. तिथे आशा संपते ती फक्त पाळीची, आणि मुद्दा असतो इद्दत किती महिन्यांची एवढाच. आपण मात्र त्या शब्दातली निराशा स्त्रीच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यावर पसरवून टाकली. अरब जगात आता काही जण 'सिन्नुल-यास'ऐवजी 'सिन्नुल-अमल', म्हणजे आशेचे वय, असे म्हणू लागले आहेत. आपल्या घरांत अजून "पाळी गेली, सुटली एकदाची" एवढ्यावरच विषय संपतो.

हा विषय तरुणांच्या मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे तुम्ही विशी-पंचविशीत असाल, तर तुमची अम्मी, खाला किंवा फुफी बहुधा याच टप्प्यावर आहे. ती रात्री दोन वाजता घामाने भिजून उठते, पंख्याखाली बसते, पहाटे पुन्हा कामाला लागते. चिडचिड होते, छातीत धडधडते, सांधे दुखतात, लघवीला जळजळते. नवऱ्याजवळ जाणे वेदनेचे होते आणि ते ती कुणालाच सांगत नाही. घरचे म्हणतात, "अम्मीचा स्वभाव बदललाय." स्वभावाचा इथे फार थोडा संबंध असतो. अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होणे कमी होत जाते आणि मेंदूतील तापमान-नियंत्रणापासून हाडांपर्यंत सगळीकडे त्याचा परिणाम होतो. काहींना हा त्रास वर्षभर होतो, काहींना सात-आठ वर्षेही.

यावर उपचार आहे. कमी पडलेले हार्मोन गोळी, जेल किंवा पॅचमधून देता येते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषधही द्यावे लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर याहून परिणामकारक औषध अद्याप नाही. हाडांचा ऱ्हासही त्याने रोखला जातो. तरीही नाव काढले की पहिला प्रश्न येतो, "त्याने कॅन्सर होतो ना?"

ही भीती कुठून आली ते समजून घ्यायला हवे. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळीची चाचणी चालू होती. जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवली गेली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर गेली. आकडा खरा होता, पण त्यामागचा हिशेब फार थोड्यांनी वाचला. गोळी न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना हा कर्करोग होत होता, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. वाढ दहा हजारांत आठ. रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघातही थोडे वाढले. कंबरेचे हाड मोडणे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या स्त्रियांना हृदयविकार टाळण्यासाठी ही गोळी उपयोगी पडते का, हे तिथे तपासले जात होते. ४८ वर्षांच्या, रात्ररात्र न झोपणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते त्यांना त्याच अभ्यासात फक्त इस्ट्रोजेन दिले गेले, आणि त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

पुढच्या वीस वर्षांत या माहितीची फेरतपासणी झाली. आज तज्ज्ञ संघटनांचे मत साधारण असे आहे: वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, त्रास होत असेल आणि इतर अडचण नसेल, तर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत फायदा धोक्याहून जास्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही या औषधांवरचे ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र कायम ठेवला.

लंबक एकदा उलट्या टोकालाही गेला होता, हे विसरून चालणार नाही. १९६६ साली अमेरिकेतील एका डॉक्टरने पुस्तक लिहून इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्याचे औषध असल्याचा गाजावाजा केला. लाखो स्त्रियांनी ते घेतले. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध समोर आला. त्या डॉक्टरच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हेही उघड झाले. उद्या मोबाईलवर "पुन्हा तरुण व्हा" अशा जाहिराती आल्या, तर हा इतिहास आठवावा. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांनाही हाच नियम लावावा.

स्तनाचा कर्करोग झालेला, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न समजलेला रक्तस्राव, अशा स्त्रियांना हे उपचार सहसा दिले जात नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधे आहेत. त्रास फक्त कोरडेपणाचा किंवा लघवीचा असेल, तर योनीमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम बहुतेकींना पुरते. त्याचा फार थोडा अंश रक्तात जातो. म्हणजे सगळ्यांनी घ्यावे किंवा कुणीच घेऊ नये, असे इथे काही नाही. बाईने माहिती घेऊन, रक्तदाब, साखर आणि स्तनांची तपासणी करून, डॉक्टरांशी बोलून ठरवायची ही गोष्ट आहे.

आपल्या समाजात या निर्णयात आणखी काही शंका मिसळतात. त्या बाजूला न सारता त्यांची उत्तरे दिली पाहिजेत. औषध हलाल आहे का? इस्ट्रोजेनचा एक जुना प्रकार गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवला जातो, हे खरे आहे. पण आज सर्रास दिले जाणारे इस्ट्रॅडिओल वनस्पतीजन्य घटकांपासून तयार होते. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल शंका असेल, तर डॉक्टरांकडे गोळीचा पर्याय मागता येतो. प्रश्न विचारावा, उपचार सोडू नये. डॉक्टर पुरुष असेल तर? गरज असताना आणि स्त्री डॉक्टर मिळत नसताना पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला फिकहमध्ये मुभा आहे. लाजेला शरियतचे नाव देऊन आजार अंगावर काढणे हा दीनदारीचा भाग नाही.

तिसरा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर आपल्या घरातली बाई सर्वात आधी विचारते, "आता नमाज पढायची की नाही?" हैज आणि इस्तिहाजा यांचा मसला ती एखाद्या आलिमाला विचारते, उत्तर मिळते आणि ती घरी जाते. मसला विचारणे चूक नाही. पण बारा महिन्यांनंतरचा कोणताही रक्तस्राव, एक डाग असला तरी, डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. तो गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकतो, आणि लवकर कळला तर तो बहुतेकदा बरा होतो. आपल्या आलिमांनी आणि आलिमांइतक्याच ऐकल्या जाणाऱ्या मोहल्ल्यातल्या बाजींनी मसल्याच्या उत्तरात एवढे एक वाक्य जोडले, तर अनेक जीव वाचतील.

माहिती नसण्याची सर्वात मोठी किंमत गरीब बाई मोजते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची राज्य सरकारच्या समितीमार्फत पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यातल्या कित्येकींचे वय पाळी जाण्याचे नव्हतेच. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला मिळालेल्या बायका आपल्या नात्यातही सापडतील. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर पस्तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. हाडे आणि हृदय यांचे नुकसान लवकर सुरू होते. अशा स्त्रीला अडचण नसेल तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे, हा या क्षेत्रातला सर्वमान्य सल्ला आहे. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

याला व्यवस्थाही जबाबदार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना प्रश्न विचारते. माता, बालक, किशोरी यांच्यासाठी कार्यक्रम आहेत. मूल जन्माला घालण्याचे वय संपले की स्त्री जणू यादीतून गळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रजोनिवृत्तीचा सल्ला, आशाताईंना त्याचे प्रशिक्षण, सरकारी दवाखान्यात परवडणारी औषधे आणि गर्भाशय काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत, या मागण्या आपल्या चळवळीच्या निवेदनांत आल्या पाहिजेत. तलाक, पोटगी आणि वारसाहक्कासाठी आपण भांडतो. स्त्रीचा तिच्या शरीरावरचा हक्क पन्नाशीनंतरही तेवढाच असतो.

हे निवेदन कधी निघेल तेव्हा निघेल. तोवर तुम्ही एक काम करू शकता. मुलगी असा, मुलगा असा किंवा सून, अम्मीला विचारा की तिला रात्री झोप लागते का. पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. तिचा त्रास आणि तारखा एका कागदावर लिहा, अपॉइंटमेंट घ्या आणि बरोबर जा. डॉक्टरांनी "या वयात असे होतेच" म्हणून वाटेला लावले, तर दुसरा डॉक्टर शोधा. औषध घ्यायचे की नाही हे अम्मी ठरवेल. ठरवण्याइतकी माहिती तिच्या हातात पडली पाहिजे, एवढे आपण पाहूया.