दारातच खोळंबलेलं तिकीट

वॉर्डातून हेल्पडेस्कला फोन येतो. लेबल प्रिंटर कागद ओढत नाही, रक्ताच्या नळ्यांवरची नावं हातानं लिहावी लागताहेत, असं सिस्टर सांगतात. डेस्कवरची मुलगी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरते आणि ‘नवीन तिकीट’वर क्लिक करते. स्क्रीन पांढरी, मधोमध गोल फिरत राहतो. दहा सेकंदांनी फॉर्म उघडतो. विभाग निवडला की पुन्हा दहा सेकंद, सेव्ह केलं की आणखी दहा. तोवर शेजारचा फोन वाजायला लागलेला असतो आणि सिस्टर म्हणतात, ‘‘राहू दे गं, मी मावशींना पाठवते खाली.’’ तिकीट तयार होत नाही. प्रिंटर तसाच राहतो.

अशाच एका रुग्णालयात मी त्या डेस्कवर काम केलं आहे आणि हे रोज पाहिलं आहे. एका महिन्याच्या आढावा बैठकीत तिकिटांची संख्या घटल्याचा आलेख दाखवला गेला. तक्रारी कमी झाल्या, असा त्याचा अर्थ काढण्यात आला. तक्रारी होत्या तेवढ्याच होत्या. त्या नोंदवणं लोकांनी सोडून दिलं होतं. इतर कुठलीही यंत्रणा मंदावली तर त्याची तक्रार हेल्पडेस्ककडे येते. हेल्पडेस्कच मंदावला तर ती तक्रार नोंदवायची कुठे, याचं उत्तर बहुतेक संस्थांपाशी नसतं. म्हणून तिकीट प्रणालीच्या संथपणाकडे किरकोळ गैरसोय म्हणून पाहू नये, असं मला पोटतिडकीनं वाटतं.

आमच्याकडे उपाय झाला तो ठरलेलाच. डेटाबेस सर्व्हरची रॅम वाढवली. काही फरक पडला नाही. मग जुनी तिकिटं अर्काइव्ह केली, टेबलांना नवे इंडेक्स लावले. तरीही दहा सेकंद ते दहाच सेकंद. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. खरं तर तो आकडाच बोलत होता. भार वाढल्यामुळे येणारा संथपणा कमीजास्त होत असतो. सकाळी अकराला जीव घेतो, दुपारी जेवणाच्या वेळी सैल पडतो. इथे रात्री दोन वाजता, डेस्कवर एकटी व्यक्ती असतानाही, दर क्लिकला दहाच सेकंद लागत होते. विलंब घड्याळ लावल्यासारखा एकसारखा असेल, तर कुठेतरी एखादा टाइमआउट संपायची वाट पाहिली जात आहे, असा संशय आधी घ्यावा.

डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ मात्र शपथेवर सांगत होते की डेटाबेस ठणठणीत आहे. ते खोटं बोलत नव्हते. ते डेटाबेस सर्व्हरवरच लॉगिन करून तपासत होते, आणि त्याच मशीनवरून सॉकेटनं आत शिरलं की नेटवर्कचा संबंधच येत नाही. त्यांना उत्तर क्षणात मिळायचं. स्लो क्वेरी लॉगही कोराच होता. तो कोरा राहणारच, कारण आमचा डेटाबेस असलेल्या मायएसक्यूएलचा हा लॉग क्वेरी चालायला लागलेला वेळ मोजतो, कनेक्शन जुळेपर्यंत गेलेला वेळ त्यात धरत नाही. त्याची मूळ मर्यादा 10 सेकंदांची असते. ती एका सेकंदावर आणली असती, तरी आमच्या लॉगात एक ओळ उमटली नसती. क्वेरी बिचारी काही मिलिसेकंदांत काम उरकत होती. वेळ जात होता तो तिला दाराच्या आत येईपर्यंत.

त्या दारात काय घडत होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. बाहेरच्या मशीनवरून कनेक्शन आलं की मायएसक्यूएलला त्याचा आयपी पत्ता दिसतो. वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो त्या पत्त्याचं नाव डीएनएसला विचारतो आणि नाव मिळालं की उलट त्या नावाचा पत्ता पुन्हा पडताळतो. सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला थांबवून वर इंटरकॉम लावतो, तसंच हे. आमच्याकडे वर फोन उचलणारं कुणी उरलंच नव्हतं. संस्थेनं जुना डीएनएस सर्व्हर एका शनिवारी बंद करून नवा सुरू केला. सगळ्या पीसींना नवा पत्ता आपोआप मिळाला. डेटाबेस सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत मात्र जुन्याच सर्व्हरचा पत्ता हातानं लिहिलेला होता, आणि तेवढा एकच. लिनक्सवर या विचारणेची नेहमीची मुदत 5 सेकंद असते आणि प्रयत्न 2. दहा सेकंदांचा हिशेब लागला.

वॉचमन शेवटी वैतागून पाहुण्याला आत सोडतोच. मायएसक्यूएलनंही तेच केलं, कारण आमच्या प्रणालीच्या खात्याला परवानगी आयपी पत्त्यावर दिलेली होती. नावाचा काही उपयोगच नव्हता. मिळालेलं नाव मायएसक्यूएल आठवणीत ठेवतो, पण डीएनएसचं तात्पुरतं अपयश तो तसं धरून ठेवत नाही, पुढच्या कनेक्शनला पुन्हा विचारतो. आमची तिकीट प्रणाली पीएचपीवर चालायची. प्रत्येक पानासाठी ती नवं कनेक्शन उघडायची आणि पान संपलं की बंद करायची. त्यामुळे प्रत्येक क्लिकला नवा पाहुणा, नवा इंटरकॉम.

सोमवारी सकाळी तर ‘टू मेनी कनेक्शन्स’ असा एरर यायचा. मायएसक्यूएलमध्ये एकाच वेळच्या कनेक्शनची मूळ मर्यादा 151 आहे, आणि दारात ताटकळणारेही त्या मोजणीत येतात. कुणीतरी तो आकडा 500 केला. एरर थांबला, ताटकळणाऱ्यांची रांग तेवढी लांबली.

निदान झालं ते एका साध्या मोजणीनं. तिकीट प्रणालीच्या मशीनवरून, म्हणजे ज्या वाटेनं प्रणाली जाते त्याच वाटेनं, डेटाबेसला नुसतं ‘सिलेक्ट 1’ विचारायचं आणि वेळ मोजायचा. या क्वेरीत टेबल नाही, इंडेक्स नाही, शोधायचं काहीच नाही. तिलाही दहा सेकंद लागले, तेव्हा जुन्या तिकिटांवरचा आळ गेला. मग प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू कनेक्शनची यादी, पाहिली. त्यात ‘अनऑथेंटिकेटेड युजर’ अशा ओळीमागून ओळी उभ्या होत्या. ओळख पटायची बाकी असलेले पाहुणे ते हेच. एरर लॉग उघडला तर त्यातही नावाच्या विचारणेत तात्पुरतं अपयश आल्याचे इशारे एकाखाली एक पडलेले. इतके दिवस उत्तर तिथेच लिहिलेलं होतं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. फाइलीत डीएनएसचा पत्ता सुधारला आणि ‘स्किप नेम रिझॉल्व्ह’ हा पर्याय चालू करून मायएसक्यूएल रीस्टार्ट केला. हा पर्याय डोळे मिटून लावू नये. ज्यांच्या खात्यांना परवानगी यंत्राच्या नावावर दिलेली आहे, त्यांना तो लावताच प्रवेश बंद होतो. त्यामुळे आधी खात्यांची यादी पाहावी, मगच हात घालावा.

हे एकच कारण असतं असं नाही. काही विंडोज मशीनवर कॉन्फिगमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं असलं की प्रणाली आधी आयपीव्ही 6चं दार ठोठावते आणि तिथे कुणी नसल्यानं दर पानाला सेकंदभर वाया जातो. तिथे 127.0.0.1 लिहिलं की काम होतं. डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि प्रणाली मुंबईत असेल, तर एका फेरीला 200 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. सुरक्षित कनेक्शन जुळवायला अशा अनेक फेऱ्या लागतात, म्हणजे पहिला प्रश्न विचारण्याआधीच सेकंदभर गेला. कारणं निरनिराळी असली तरी ती सगळी दारातली आहेत. रॅमनं यातलं एकही बरं होत नाही.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. संस्थेनं खरेदीची फाइल हलवण्याआधी कनेक्शनला किती वेळ लागतो आणि क्वेरीला किती, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. ते नसतील तर सही करू नये. आणि तिकिटांची संख्या अचानक घटली, तर अभिनंदन करण्याआधी कुणीतरी खाली येऊन डेस्कवर अर्धा तास बसावं. तिथल्या माणसांना सगळं दिसत असतं. त्यांना बैठकीला बोलावत नाहीत आणि ‘सिस्टिम स्लो आहे’ हे त्यांचं वाक्य सबब म्हणून ऐकलं जातं. त्या मुलींनी प्रत्येक सिस्टरची बोलणी खाल्ली, आणि त्यातला एकही दोष त्यांचा नव्हता.

त्या दिवसांत आम्ही फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवली होती. वेळ, वॉर्ड, अडचण, एवढंच लिहायचो. कनेक्शन सुधारल्यावर त्यातल्या नोंदी दोन संध्याकाळी बसून प्रणालीत चढवल्या. प्रत्येक तिकिटावर प्रणालीनं तारीख घातली ती चढवल्या दिवसाची. लेबल प्रिंटरचा तो फोन नेमका कधी आला होता, हे आजही फक्त त्या वहीत आहे.